माशी उडत नाही, दोष कोणाचा?

‘अमक्याच्या रक्तातच गणित नाही’ हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. पण एखादा गुण रक्तात, म्हणजे आनुवंशिकतेत, आहे की नाही हे ठरवणे किती कठीण असते, हे एका चिमुकल्या माशीकडून शिकण्यासारखे आहे.

रत्नागिरीत आंब्याच्या दिवसांत नासक्या हापूसभोवती चिलटे घिरट्या घालतात. त्यांतच लाल डोळ्यांची, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची ड्रोसोफिला असते. झाडावरच्या आंब्यात अंडी घालणारी, जिच्यासाठी बागायतदार सापळे टांगतात ती फळमाशी निराळी. दोघींची गल्लत करू नका. ड्रोसोफिलाची नवी पिढी उबदार हवेत सुमारे १० दिवसांत तयार होते आणि तिच्या गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या ४. म्हणूनच १९१० साली मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली, तेव्हापासून ती आनुवंशिकी शास्त्रज्ञांची लाडकी आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी तिच्यावर मोलाचे संशोधन केले.

ही माशी सेकंदाला सुमारे २०० वेळा पंख हलवते. सगळ्याच माश्या सारख्या उडतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील सेमूर बेंझर यांनी सोपी युक्ती वापरली. आतून तेल लावलेल्या उभ्या नळीत वरून माश्या सोडायच्या. चांगली उडणारी माशी वरच भिंतीला चिकटते, दुबळी खाली चिकटते आणि न उडणारी थेट तळाशी पडते. पंख सदैव वर ताठ ठेवणाऱ्या, न उडणाऱ्या माश्यांच्या एका वाणात दोष सापडला तो ट्रोपोनिन या स्नायूंतील प्रथिनाच्या जनुकात. आपल्या हृदयातही याच कुळातले प्रथिन असते आणि त्याच्या जनुकातील दोषामुळे हृदयाच्या स्नायूंचा विकार होऊ शकतो.

पण थांबा! तळाशी पडलेल्या प्रत्येक माशीत जनुकाचाच दोष असतो का? ती उपाशी वाढलेली असेल, म्हातारी असेल, थंडीने गारठलेली असेल. म्हणून शास्त्रज्ञ सर्व माश्यांना खाद्य, तापमान आणि वय सारखे ठेवतात, आणि शिवाय त्यांची संतती तपासतात. केनेथ वेबर यांनी वाऱ्याच्या बोगद्यात चांगल्या उडणाऱ्या माश्याच निवडून १०० पिढ्या वाढवल्या. १९९६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: उडण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २ सेंटिमीटरवरून १७० वर गेला. उडण्याची क्षमता आनुवंशिक असते हे खरे. पण ते म्हणण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला.

शिक्षकांना माझी विनंती आहे की हा धडा फळ्यावर संपवू नये. पिकलेले केळे, दोन बाटल्या आणि मोजपात्र एवढे साहित्य पुरे. एकाच बाटलीतल्या माश्यांची अंडी दोन बाटल्यांत वाढवा. एकीत मुबलक खाद्य, दुसरीत दाटी आणि टंचाई. टंचाईतल्या माश्या आकाराने लहान राहतील. त्या उडतात कशा, हे मुलांनी स्वतः मोजावे. त्यांची पिल्ले मुबलक खाद्यावर वाढवून पुन्हा मोजावे.

माशीविषयी एक वाक्य बोलण्यासाठी आपण दोन पिढ्या थांबतो. मग एका परीक्षेवरून एखाद्या मुलाचे रक्त कसे तपासता येईल? आधी त्याची बाटली पाहा.