डोंगरातली वाट कुणाची?

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा. पायवाट अरुंद. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला गवत. आपण आपल्या नादात चाललेलो असतो आणि वळणावरून अचानक एक सायकल अंगावर येते. चालवणारा विशीतला, डोक्याला हेल्मेट, पोटऱ्यांवर चिखलाचे शिंतोडे. ‘सॉरी काका’ म्हणत तो निघूनही जातो. काका मात्र छातीवर हात ठेवून क्षणभर तिथेच उभे राहतात. मग परतीच्या वाटेवर चर्चा रंगते, ‘या सायकलींना बंदी का घालत नाहीत?’ आणि खाली चहाच्या टपरीवर तो तरुण मित्रांना सांगत असतो, ‘रस्त्यावर मोटारवाले जगू देत नाहीत, टेकडीवर काका हाकलतात. सायकल चालवायची तरी कुठे?’

दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि या प्रश्नातली खरी अडचण हीच आहे.

हे भांडण काही आपण शोधून काढलेले नाही. डोंगरी सायकल जिथे जन्मली तिथेच ते जन्मले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन नावाचा डोंगराळ जिल्हा लागतो. तिथल्या काही तरुणांनी सत्तरच्या दशकात जुन्या, जाड टायरच्या, अडगळीत पडलेल्या सायकली बाहेर काढल्या आणि डोंगरावरून मातीच्या रस्त्याने खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे तीन किलोमीटरची वाट आणि चारशे मीटरचा उतार. उलटे पॅडल मारून लावायचे ते ब्रेक इतके तापत, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून या उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही त्या टोळीतली मंडळी. पाच वर्षांत, म्हणजे १९८१ साली, कारखान्यात घाऊक प्रमाणात बनलेली डोंगरी सायकल बाजारात आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकही मिळू लागले.

पण ज्या डोंगरांनी ही सायकल जगाला दिली, त्याच डोंगरांत तिच्यावर निर्बंध आले. तिथल्या माउंट तमाल्पाईसच्या उतारांवर पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेची मोठी जमीन आहे. वणवा लागला तर गाड्या आत जाव्यात म्हणून आखलेल्या रुंद मातीच्या रस्त्यांवर तिने सायकलींना मुभा दिली, अरुंद पायवाटांवर मात्र मनाई केली. वेगाची मर्यादा ताशी १५ मैल. कुणाला ओलांडताना अथवा आंधळ्या वळणावर ताशी ५ मैल. ही मर्यादा पाळली जाते की नाही हे पाहायला रखवालदार रडार घेऊन जंगलात उभे राहू लागले! देशपातळीवरही हेच झाले. निबिड अरण्यांसाठी १९६४ साली झालेल्या कायद्याने तिथे यांत्रिक वाहतुकीला बंदी होती. सायकल त्यात मोडते का, यावर बराच काथ्याकूट होऊन १९८४ साली तिथल्या वनखात्याने ‘मोडते’ असा स्पष्ट निर्णय दिला. सायकलस्वारांच्या काही संघटना तेव्हापासून या निर्णयाविरुद्ध भांडत आल्या आहेत.

बंदी मागणाऱ्यांचा पहिला आक्षेप असतो तो मातीबद्दल. चाकामुळे वाट खणली जाते, झीज होते, असे आपल्याला डोळ्यांनी दिसते. पण तपासून पाहणाऱ्यांना वेगळेच आढळले. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात घोडे, पादचारी, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना करणारा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. वाटेवरची माती सर्वांत जास्त सुटी केली ती घोड्यांच्या टापांनी. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका उद्यानात संशोधकांनी जंगलातल्या जमिनीवरून ५०० पर्यंत फेऱ्या पायी आणि सायकलने मारायला लावून गवताचे आणि मातीचे नुकसान मोजले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानुसार बूट आणि चाक यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

म्हणजे सायकलस्वार सुटले का? तसे नाही. पाचशे फेऱ्या म्हणजे एखाद्या गजबजलेल्या टेकडीवरचे थोड्याच दिवसांचे काम. शिवाय आपला डोंगर वेगळा आहे. सह्याद्रीत वर्षभराचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. जिथे ब्रेक दाबून चाक घसरते तिथे ओल्या मातीत चर पडतो, चरातून पाणी वाहते आणि दोन पावसाळ्यांत त्याची घळ होते. वळणाची वाट टाळून सरळ उतरणारी ‘शॉर्टकट’ची रेघ तर त्याहून वाईट. ही रेघ मात्र सायकलवाल्यांइतकीच चालणाऱ्यांनीही पाडलेली असते, हेही काकांनी प्रामाणिकपणे कबूल करायला हवे.

खरा प्रश्न चाकाचा नसून वेगाचा आहे. पायी चालणाऱ्याला समोरचे माणूस दिसायला, बाजूला व्हायला वेळ मिळतो. उतारावरच्या सायकलीला तो मिळत नाही, आणि तिचा आवाजही येत नाही. माणसांचे सोडा, प्राण्यांच्या बाबतीत हे जिवावर बेतते. जून २०१६ मध्ये मोंटानातच, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानालगतच्या जंगलात, एक वनाधिकारी डोंगरी सायकलवरून चालला होता. अरुंद वाटेच्या वळणावर तो थेट अस्वलावर आदळला. अस्वलाने त्याला ठार केले. जंगल जाणणारा, जंगलाचीच नोकरी करणारा माणूस होता तो. अस्वलाने तरी काय करावे? मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलात बिबटे राहतात. तिथे कान्हेरीच्या डांबरी रस्त्यावरून सायकल हाकणे वेगळे आणि संध्याकाळी झाडीतल्या पायवाटेने सुसाट सुटणे वेगळे. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांत मनमानी प्रवेशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवर घातला आहे, तो उगाच नाही. तिथे आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्याने यजमानाच्या माजघरात सायकल घालायची नसते.

पण म्हणून सगळीकडे सरसकट ‘प्रवेश बंद’? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेस्वारांसाठी असलेल्या वाटा सायकलींनाही खुल्या केल्या, एकाच अटीवर. पादचारी किंवा घोडेस्वार दिसला की सायकलवाल्याने वाट द्यायची. स्कॉटलंडने २००३ साली आणखी मोकळा हात दिला. बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालण्याचा तसाच सायकल चालवण्याचाही हक्क, पण जबाबदारीने वागलात तरच. आपल्याच देशात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पक्षी उद्यानात पर्यटक भाड्याची सायकल घेऊन किंवा सायकलरिक्षात बसून पक्षी पाहत हिंडतात. धूर नाही, भोंगा नाही. तिथे सायकल हीच जंगलाची मैत्रीण ठरली आहे. मात्र ती संथ चालते आणि नेमून दिलेल्या रस्त्यावरून चालते.

बंदीची पाटी लावणे सोपे असते. एक पत्रा आणि चार खिळे पुरतात. नियम राबवायचा तर माणसे लागतात आणि दोन्ही बाजूंशी बोलावे लागते. कोणत्या टेकडीवर रुंद रस्ता सायकलींना द्यायचा, कोणती पायवाट फक्त चालणाऱ्यांसाठी राखायची, पावसाळ्यात कोणता उतार सर्वांनाच बंद ठेवायचा आणि प्राण्यांचा कोणता भाग कायमचा निवांत सोडायचा, हे वनखाते, पालिका, फिरायला येणारे आणि सायकलवाले यांनी एकदा बसून ठरवायला काय हरकत आहे? एकच वाट दोघांना द्यावीच लागली, तर उशिरा आलेल्याने आणि वेगाने जाणाऱ्याने थांबायचे. सायकलवाल्यांच्या संघटनांनी श्रमदानाने आपल्या वाटांची दुरुस्ती केली, चर बुजवले, दगड रचले, तर त्यांच्या हक्काच्या मागणीलाही वजन येईल. परदेशात अशा मंडळांनी ते केले आहे.

बंदीने एक नुकसान मात्र नक्की होते. ज्या मुलांना टेकडीवर यायचेच नाही असे सांगितले जाते, त्यांना पुढे त्या टेकडीवर रस्ता किंवा इमारत आली तरी काही वाटत नाही. टेकडी वाचवायला उद्या उभे राहणारे हात आजच्या या चिखलाने माखलेल्या पोरांचेच असणार आहेत. त्यांना हाकलून टेकडी कुणाच्या भरवशावर ठेवायची?

तेव्हा घरातल्या मुलाला नवी गिअरची सायकल घेऊन देताना हेल्मेटबरोबर एक सवयही द्यावी. समोर माणूस दिसला, की ब्रेक दाबायचा, पाय जमिनीवर टेकायचा आणि ‘या, आधी तुम्ही जा’ म्हणायचे. आणि काकांनीही जाता जाता विचारावे, ‘काय रे, कुठवर जाऊन आलास?’