विश्लेषण : 'मेडिकल'च्या भिंतीवरचे कागद काय सांगतात?

चिठ्ठी द्यायची, गोळ्या घ्यायच्या, यूपीआयचा आवाज आला की निघायचे. पुण्यातल्या बहुतेक 'मेडिकल'मधला व्यवहार एवढाच. काउंटरमागच्या भिंतीवर काय लावले आहे, हे कोणी वाचत नाही. २०२५ मधील कफ सिरप प्रकरणानंतर मात्र ते वाचण्याला कारण आहे.

तेव्हा काय घडले होते?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात ऑक्टोबर २०२५ पर्यंत वीसहून अधिक बालके दगावली. तमिळनाडूत तयार झालेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) लगेच सूचना काढली : 'एसआर-१३' बॅचची बाटली असेल तर वापर थांबवा आणि कळवा.

सूचना योग्यच होती, पण ती उपयोगी पडण्यासाठी बॅच क्रमांक हाताशी हवा. बाटलीवर तो असतो. सुट्या गोळ्या घेतल्या असतील आणि पट्टीचा तो कोपरा दुकानातच राहिला असेल, तर उरते फक्त पावती. बिल मागायला संकोचणारे ग्राहक नेमके इथे अडकतात.

पावतीवर काय हवे?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या 'शेड्यूल एच' औषधांच्या नोंदीत डॉक्टर व रुग्णाचे नाव, उत्पादक, बॅच, मुदत आणि फार्मासिस्टची सही असावी, असे औषध नियम सांगतात. काही प्रतिजैविके, क्षयरोगाची व सवय लावणारी औषधे १ मार्च २०१४ पासून 'एच-१'मध्ये आहेत. त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. प्रत्यक्षात पावतीवर रुग्णाच्या नावाच्या जागी अनेकदा 'कॅश' एवढेच छापलेले असते.

काउंटरवर कोण आहे?

विक्री परवाना ग्राहकाला दिसेल असा लावणे ही परवान्याचीच अट आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टने पांढरा अॅप्रन आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला वापरावा, हे २०१५ च्या नियमावलीत आहे. भिंतीवरचे नाव आणि समोरची व्यक्ती वेगळी असेल, तर प्रश्न विचारायला हरकत नाही.

हा वाद जुना आहे. पुण्याचे माजी महापालिका आयुक्त महेश झगडे २०१२ च्या सुमारास एफडीएचे आयुक्त होते. तेव्हा फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर कारवाई सुरू झाली आणि केमिस्ट संघटनांनी बंदचे हत्यार उपसले. छोट्या दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नाही. सकाळी लवकर ते रात्री उशिरापर्यंत दुकान चालवायचे तर एक फार्मासिस्ट पुरत नाही आणि दुसऱ्याचा पगार परवडत नाही. तरीही मात्रा चुकली तर ती रुग्णाच्या पोटात जाते, दुकानाच्या हिशेबात नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने अशा विक्रीसाठीचा हजार रुपयांपर्यंतचा जुना दंड दोन लाखांपर्यंत नेला, तो याच कारणाने योग्य वाटतो.

'हे नाही, तेच दुसऱ्या कंपनीचे देतो' चालते का?

'शेड्यूल एच' औषधांबाबत नाही. चिठ्ठीतील औषधाऐवजी दुसरे देण्यास नियम ६५ मनाई करतो, घटक तोच असला तरी. म्हणूनच जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी हवी असेल तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगणे हाच सरळ मार्ग. ब्रँडचेच नाव लिहिण्याची सवय मोडत नाही, तोवर स्वस्त औषध दोन दुकाने पलीकडे असूनही रुग्णाला लांबच राहते.

पट्टी कापून चार गोळ्या दिल्या, तर किंमत मात्र चारचीच. सुट्या विक्रीत छापील किमतीच्या प्रमाणापेक्षा जास्त घेणे २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाला धरून नाही.

नवा क्यूआर कोड कशासाठी?

तो पैसे देण्याचा नाही. औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठीचा कोड आणि १८००-१८०-३०२४ हा क्रमांक दुकानांत लावण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ च्या अखेरीस दिले. अंगावर पुरळ उठले, श्वास लागला, लघवी कमी झाली, तर आधी डॉक्टर गाठावा आणि मग इथे कळवावे. रुग्ण स्वतःही कळवू शकतो. संशयित औषध किंवा दुकानाबद्दलची तक्रार मात्र एफडीएच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर करायची. बाटली, पट्टी आणि पावती तोपर्यंत फेकू नये.