छोटी टाकी बाजारात भरू नका



रात्री तलावावर मुक्काम असला की चहा-भातासाठी गॅसची छोटी टाकी नावेतून जाते. सोयीची आहे, वाद नाही. पण बऱ्याच टाक्या बाजारात घरगुती मोठं सिलेंडर उलटं धरून भरलेल्या असतात. हे बंद झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकीत पातळ गॅस भरताना वर साधारण 15 टक्के जागा रिकामी ठेवावी लागते. उन्हात तो फुगतो, तेव्हा ती जागा कामी येते. अंदाजाने भरणाऱ्याला हे कसं कळणार? शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर नावेच्या तळाशी साचून राहतो, आणि आपण तिथंच बिडी पेटवतो!

कंपनीची 5 किलोची टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळते. घेताना वरच्या पट्टीच्या आतली बाजू बघा. इंग्रजी 'सी' आणि 27 असेल तर तपासणीची मुदत सप्टेंबर 2027 पर्यंत. 'ए' म्हणजे मार्च, 'बी' जून, 'डी' डिसेंबर. रिकाम्या टाकीचं वजनही लिहिलेलं असतं. त्यात 5 किलो मिळवा अन् काट्यावर ठेवून बघा. शेगडी जोडल्यावर सांध्याला साबणाचं पाणी लावा, काडी लावून बघू नका. बुडबुडे आले तर टाकी बंद करून उघड्यावर ठेवा, 1906 ला फोन करा.

बाजारात थोडे पैसे वाचतात, कबूल. म्हणूनच संस्थेने काही टाक्या घेऊन आळीपाळीने द्याव्यात, हा विषय पुढच्या बैठकीत मांडतो आहे. येताना आपापल्या टाकीवरची तारीख बघून या. तारीखच नसेल तर तेही सांगा.