ज्वारीचा भूगोल
मंगळवेढ्याच्या काळ्या रानात परतीचा पाऊस मनासारखा झाला, की रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवरच कणसाला येते. थंडी सरता सरता रान भेगाळते. मुळे मात्र खालची ओल शोधत जातात. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माती, पाणी आणि ताटातली भाकरी हा खरे तर एकच धडा. विद्यापीठांत त्याच्या वाटण्या झाल्या: माती कृषी विद्यापीठांकडे, नकाशे भूगोल विभागाकडे, आहार गृहविज्ञानाकडे. भूगोलाची मुले अभ्याससहलीला महाबळेश्वर गाठतात (हवा छान असते म्हणा!). त्यांना एकदा मंगळवेढ्याच्या बांधावर उभे करा. विहिरीची पातळी मोजू द्या, शेजारच्या उसाला किती पाणी लागते तेही विचारू द्या. आणि श्रेयांक त्याचेच द्या.