पाचाला एक कमी

नऊपैकी पाच. मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या नियमावलीत नैराश्याच्या निदानाचा हिशेब असा आहे: किमान दोन आठवडे नऊपैकी पाच लक्षणं, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं, यांपैकी एक हवंच. किशोरवयात उदासीच्या जागी चिडचिडही धरतात.

नववीतली एखादी मुलगी चारावर अडकते. रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. दप्तर भरायचंही त्राण नाही. हौसेने लावलेला कथकचा क्लास सुटलेला, आणि पुस्तक उघडलं की अर्धा तास तेच पान. पाचवं लक्षण काही सापडत नाही. ‘नैराश्य नाही’ एवढं कळलं की घरचे सुटल्यासारखे होतात आणि ‘वयच तसं’ म्हणून विषय मिटतो.

रेघ कुठेतरी मारावी लागतेच. नाहीतर औषध कुणाला द्यायचं हे ठरणार कसं? पण अलीकडच्यांना रिकाम्या हाती परत पाठवा, असं नियमावली सांगत नाही. लक्षणं अपुरी पडलेल्यांसाठी तिच्यात वेगळा कप्पासुद्धा आहे. हात झटकायची सोय आपली आपण करून घेतली.

अमेरिकेत ऑरेगनमध्ये ग्रेगरी क्लार्क यांनी नेमकी हीच मुलं निवडली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हायस्कूलचे १५० विद्यार्थी होते. त्यांतल्या काहींना शाळा सुटल्यावर गटात बसवून, १५ सत्रांत, मनात येणारे निराश विचार तपासून पाहायला शिकवलं. वर्षभरात त्यांच्यातल्या १४.५ टक्के मुलांना नैराश्याचा विकार जडला. उरलेल्यांत हे प्रमाण २५.७ टक्के होतं. गोळी एकही नाही!

आपल्याकडे गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने दिल्लीतल्या सरकारी शाळांत २५० मुलांबरोबर याहून आटोपशीर काम केलं. निदानाची अट नव्हती. उदासी, चिंता, राग, काहीही चालत होतं. समुपदेशक म्हणजे मानसशास्त्र न शिकलेले पदवीधर. चार-पाच छोट्या भेटी, हातात चित्रकथांची पुस्तिका: अडचण नेमकी कोणती, मार्ग कोणते, त्यातला एक करून बघ. २०२० साली निष्कर्ष आले. नुसती पुस्तिका मिळालेल्यांच्या तुलनेत लक्षणांच्या गुणांत सहा आठवड्यांनी फरक दिसला नाही. पण मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी मात्र हलक्या झाल्या होत्या. नववीतल्या मुलीला त्याचंच मोल जास्त असणार.

यासाठी शाळेकडून लागते एक खोली आणि अर्धा तास. खोली मिळेलही, पण ऑफ तास गणिताच्या सरांनी आधीच मागून घेतलेला असतो.