रूप बदला, पण नियमाने

सॉफ्टवेअरच्या आराखड्यात ठरलेला चौकोन काढून तिथे आपल्या पसंतीचे चित्र नि रंग घालावा का, हा वाद वरवर हौशीचा वाटतो. पण त्याची मुळे संगणकाहूनही जुनी आहेत.

१९२१ साली फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या टप्प्यांचे तक्ते मांडले. १९४७ मध्ये गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी संगणकाच्या आज्ञावलीसाठी प्रवाह-आकृत्या वापरल्या. पुढे आयबीएमच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. निर्णयासाठी शंकरपाळ्याचा आकार, माहिती आत-बाहेर नेण्यासाठी तिरका चौकोन, अशा खाचा त्यात कापलेल्या असत. खाचेतून पेन्सिल फिरवली की चिन्ह तयार. नव्या चिन्हाला तिथे वावच नव्हता.

१९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’मध्ये वेगळी वाट दाखवली. मूळ आकृती एकदा काढायची, प्रती हव्या तिथे ठेवायच्या. मूळ बदलले की साऱ्या प्रती आपोआप बदलत. रूप बदलण्याची मुभा मिळाली, पण बदल एकाच जागी करायचा होता.

नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअरचे आराखडे काढण्याच्या पद्धतींची भाऊगर्दी झाली. ग्रेडी बूच क्लास, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा साचा, दाखवायला तुटक रेषांचा ढग काढत, जेम्स रम्बॉ साधा चौकोन. दोघांनी इव्हार जेकबसन यांच्यासह यूएमएल ही आराखड्यांची सामायिक चिन्हभाषा घडवली आणि १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने ती स्वीकारली. ढग गेला, चौकोन राहिला. तरीही या एकवाक्यतेत एक खिडकी ठेवली होती : स्टिरिओटाइप. घटकाला दुहेरी कोनकंसात नवी ओळख द्यायची आणि त्या ओळखीला स्वतःचे चिन्ह जोडायचे. जेकबसन यांची वर्तुळाची चिन्हे याच खिडकीतून टिकली. प्रमाण चिन्हेही अढळ नव्हती. डाव्या कडेला दोन ठोकळे असलेला ‘कंपोनंट’ यूएमएल २ मध्ये साधा चौकोन झाला. जुने चित्र कोपऱ्यातल्या छोट्या खुणेपुरते उरले. २००९ मध्ये संशोधक डॅनियल मूडी यांनी तर अशा चिन्हांमागे डोळ्यांचा विचार क्वचितच असतो, अशी टीका केली.

म्हणून रूप बदलण्याला सरसकट नाक मुरडू नये. प्रश्न बदल कुठे नोंदवला हा आहे. आराखड्याचे मॉडेल बनवणाऱ्या एंटरप्राइझ आर्किटेक्ट या साधनात स्टिरिओटाइपला छोटी शेप स्क्रिप्ट, म्हणजे रूप ठरवणारी आज्ञावली, जोडता येते. घटकाच्या टॅगमध्ये ‘कालबाह्य’ लिहिले, तर भराव करडा, अशी अट तीत घालता येते. करड्या रंगामागचे कारण मॉडेलमध्येच सापडते. याउलट कुणी घाईघाईत चार चौकोन हाताने लाल केले, तर लाल म्हणजे धोका की नवे काम, हे रंगवणाऱ्यालाच ठाऊक. तो नोकरी सोडून गेला की अर्थही गेला.

मॉडेल एका साधनातून दुसऱ्यात नेताना याची खरी परीक्षा होते. देवाणघेवाणीच्या फाइलीतून घटक, नाती, स्टिरिओटाइप बहुधा नीट पोहोचतात. रंगरूप वाटेत गळते. तेव्हा प्रत्येक कार्यालयाने चिन्हांची एक सामायिक सूची ठेवावी, ती मॉडेलसोबतच जपावी आणि हाताने केलेल्या रंगकामाला आराखड्यात जागा देऊ नये. जो अर्थ फक्त रंगात राहतो, तो पुढच्या माणसाच्या हाती लागत नाही.