‘शुद्ध शाकाहारी’ पाटीने ॲलर्जी टळत नाही

हॉटेलवर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी दिसली की आपल्यातल्याही पुष्कळ लोकांना वाटते, इथे बाधण्यासारखे काही नसेल. हा समज आम्हाला मोडायचा आहे. ॲलर्जी अंडी-मासळीची असते तशीच शेंगदाणा, काजू, तीळ, सोयाबीन, गहू आणि दुधाचीही असते, आणि शाकाहारी स्वयंपाकघर तर याच वस्तूंवर चालते. ‘शुद्ध’ हा शब्द कुठून आला ते आपल्या समाजाला सांगायला नको. कोण काय खातो, कोणाच्या हातचे चालते, एवढेच त्या पाटीला कळते. कढईत काय पडले ते ती सांगत नाही.

वडापावच्या सुक्या चटणीत बहुतेक ठिकाणी दाणे असतात. साबुदाण्याच्या खिचडीत कूट असतो, पंजाबी भाजीच्या रश्शात काजू वाटलेला असतो. हे निदान माहीत असते. न दिसणारे जास्त घातक. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणून डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलेल्या माणसाला इडलीबरोबरचे सांबारही बाधू शकते. सोया चापमध्ये सोयाबरोबर मैदा असतो. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याचा अंश राहतो, आणि एकाच तेलात सगळे तळले जाते. मुंबई-पुण्यात आता ‘व्हेगन’ हॉटेले निघाली आहेत, आपली नोकरी करणारी मुले ऑफिसच्या पार्टीला तिथे जातात. दुधाची ॲलर्जी असेल त्याची तिथे सोय होते. पण दूध काढले की त्याच्या जागी काजू, बदाम, सोयाबीन येते. काजूची ॲलर्जी असणाऱ्याने तिथे दुप्पट सावध राहावे.

आमच्या ओळखीच्या एका वस्तीतल्या आठवीतल्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आईने एका शाकाहारी हॉटेलात थाळी मागवताना वेटरला विचारले. “आमच्याकडे सगळं शुद्ध असतं, काही होत नाही,” असे उत्तर मिळाले. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट होता. पाच-दहा मिनिटांत मुलाचे ओठ सुजले, धाप लागली. वेळेत इंजेक्शन मिळाले म्हणून तो वाचला. नंतर ती आम्हाला म्हणाली, “ताई, परत विचारलं असतं तर त्यांनी खालीवर बघितलं असतं.”

या वाक्याशी आमचे भांडण आहे, त्या माउलीशी नाही. हॉटेलात खालीवर बघितले जाणे म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. वेगळ्या कपाची आठवण असलेली माणसे अजून आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले ते हक्कासाठी. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने आणि उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग यांवरून तिथे कोणाला अडवता येत नाही. हक्काने आत गेलो आहोत, पैसे मोजतो आहोत, तर ताटात काय आहे हे दोनदाच काय, चारदा विचारावे.

विचारताना नुसते “ॲलर्जी आहे” म्हणू नये, वेटरला त्यातून काही कळत नाही. “दाणे, दाण्याचा कूट, दाण्याचे तेल कशाकशात आहे ते आचाऱ्याला विचारून सांगा,” असे वस्तूचे नाव घेऊन विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर उठावे. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही फक्त शाकाहारीपणा सांगतो, दूधही त्यात बसते. गहू, दूध, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन असल्यास ते पाकिटावर वेगळे छापणे कायद्याने बंधनकारक आहे, तेवढी ओळ वाचावी. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांकडे ही माहिती मागता येते. गाडीवाल्याकडे मात्र तोंडानेच विचारावे लागते, आणि खरे सांगायचे तर तो पुष्कळदा जास्त सरळ उत्तर देतो.

दूध प्यायल्यावर नुसते पोट फुगणे ही ॲलर्जी नव्हे, त्याने जीव जात नाही. पण अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, उलट्या, चक्कर यांतली लक्षणे खाल्ल्यावर एकत्र दिसू लागली तर लिंबूपाणी, हळद, मेडिकलवाल्याची गोळी यांत वेळ घालवू नये. गोळीने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. त्याला मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. रुग्णाला चालवू नका. आडवे झोपवून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसू द्या. बरे वाटले तरी लगेच घरी आणू नका, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

आता आपल्या विहाराकडे वळू. बुद्धपौर्णिमेला खीरदान होते, १४ एप्रिलला भोजनदान होते. आपल्या पातेल्यांवर तरी काय लिहिलेले असते? ‘खीर : दूध, काजू’, ‘भाजी : दाण्याचा कूट’ एवढे पुठ्ठ्यावर लिहून पातेल्यापाशी लावायला मंडळाला पैसा लागत नाही. आणि भाजीचा डाव खिरीत घालायचा नाही, हे वाढणाऱ्या पोरांना आधीच बजावून ठेवावे.